दुपारच्या ग्रहावरचा डबा

जयमालाच्या घराला चौदा दारं होती आणि त्यातल्या तेरा दारांमागे दुसऱ्यांचे संसार होते. महाळुंग्यात कंपन्या आल्या, तशी तिच्या सासऱ्यांनी उरलेल्या जागेवर तीन मजले चढवले, खोल्या काढल्या आणि भाडेकरू ठेवले. तेव्हापासून तिचं नाव मागे पडलं आणि ती सगळ्यांची काकू झाली. काकू, मोटर लावा. काकू, वरच्यांनी जिन्यात चपला काढल्यात. काकू, माझं पार्सल आलं तर घेऊन ठेवा. पहिल्या पाळीची माणसं बाहेर पडत नाहीत तोवर रात्रपाळीची परत यायची, त्यामुळे या घरात निजानीज अशी कधी व्हायचीच नाही. माणसांचा तिला तिटकारा होता म्हणावं, तर तसंही नाही. कुणाच्या लेकराला ताप आला की रिक्षा बोलवायला पहिली हीच धावायची. पण दिवसात एकदा, तासभर तरी, कुणी 'काकू' म्हणणार नाही अशी जागा तिला गावात मिळत नव्हती. देवळात जावं तर तिथेही दोन भाडेकरणी भेटायच्या आणि नळाला पाणी किती वाजता येणार ते विचारायच्या.

ती जागा शेवटी सापडली लेकीच्या खोलीत, टीव्हीच्या पडद्यावर.

स्नेहल, तिची एकुलती एक लेक, हिंजवडीच्या कंपनीत. घरून काम चालायचं त्या दिवसांत संध्याकाळी ती अवकाशातला एक खेळ खेळत बसायची आणि जयमाला शेजारी बसून भाजी निवडायची. यानात बसायचं, ताऱ्यांमधून जायचं, वाटेल त्या ग्रहावर उतरायचं. एकदा जयमालाने विचारलं, "एवढे ग्रह काढायला किती माणसं बसवली असतील गं?"

"कुणी काढत नाही, आई. आपण जाऊ तसे ते गणितातून तयार होतात."

जयमालाने मेथीची जुडी खाली ठेवली. "म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. जोडायची रीत एकच, पण दर दारापुढे वेगळी उतरते."

स्नेहलने खेळ थांबवून तिच्याकडे पाहिलं. "हो. तसंच आहे. आणि एवढे आहेत की तू जिथे उतरशील तिथे बहुतेक तुझ्याआधी कुणीच आलेलं नसतं."

हे वाक्य जयमालाच्या मनात जाऊन बसलं. कुणीच आलेलं नसतं.

पुढे स्नेहल मैत्रिणींबरोबर वाकडला राहायला गेली. जाताना टीव्हीला जोडायचं खेळाचं डबडं घरीच राहिलं आणि जयमाला दुपारी दोनला त्या खोलीत शिरू लागली. दुसऱ्या पाळीची बस निघून गेलेली असायची, पहिल्या पाळीची यायची असायची, सासूबाई गोजाबाई आडव्या झालेल्या असायच्या. साडेतीनपर्यंतचा वेळ तिचा. स्नेहल सांगायची की लोक त्या खेळात लढाया करतात, व्यापार करतात, टोळ्या जमवतात. जयमाला यातलं काही करत नसे. ती चालायची. तांबूस गवतातून, सहा पायांच्या मठ्ठ जनावरांच्या बाजूने, दगडगोटे वेचत. आपल्याला आवडलेल्या एका ग्रहाला तिने 'दुपार' असं नाव दिलं आणि तिथे एक खोली बांधली. एका दाराची.

तर त्या दुपार ग्रहावर, माघातल्या एका मंगळवारी, टेकाडापलीकडे तिला खोपटं दिसलं. खोपट्यात दिवा होता.

तिने रिमोट खाली ठेवला आणि उठून स्नेहलच्या खोलीच्या दाराला कडी लावलेली आहे ना ते पाहून आली. लावलेली होती. मग पुन्हा बसली आणि किती तरी वेळ त्या दिव्याकडे बघत राहिली. हे कोण? आणि इतक्या ग्रहांत याला हाच सापडला?

संध्याकाळी गोजाबाईंना चहा देताना तिने आडून विचारलं, "आत्याबाई, आपल्या जागेत न विचारता कुणी खोपटं घातलं तर काय करावं?"

"कंच्या जागंत?"

"समजा, आपल्या."

"समजायचं न्हाई. कंच्या ते सांग. वड्याकडच्या का?"

"टीव्हीतल्या."

गोजाबाईंनी बशी तोंडापासून दूर केली. त्यांनी अर्धं आयुष्य तलाठ्याच्या ओट्यावर काढलं होतं. जागा कुठली हा त्यांच्या लेखी बारकावा होता. "टीव्हीतली का आसंना. जमीन ती जमीन. आज खोपाट घालतोय, उद्या बांध कोरंल, परवा म्हनंल माझी वहिवाट हाय. तुझा सासरा 'बघू, बघू' म्हनत बसला, तवा वडाखालचा तुकडा गेला. हद्दीचं दगड रोव आदी."

दुसऱ्या दिवशी जयमालाने खरोखरच दगड रोवले. वेचून ठेवलेले सगळे बाहेर काढले आणि खोलीपुढे, टेकाडाच्या कडेने, ओळीत मांडले. एकवीस झाले. लांब उभं राहून पाहिलं तर मोजणीवाल्याने मांडल्यासारखे सरळ होते. तिला बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

तिसऱ्या दिवशी, दगडांच्या आत, थेट तिच्या दाराशी एक पेटी ठेवलेली होती. पेटीत निळ्या खड्यांचे नऊ तुकडे आणि कसलीशी पिवळी फळं. झाकणावर काही अक्षरं होती, तिला न वाचता येणारी.

इथे जयमालाची मती गुंग झाली. जागेत घुसणाऱ्याशी कसं वागायचं याची रीत तिला ठाऊक होती. महाळुंग्यात ते लहान पोरालाही येतं. शेजारणीने डबा पाठवला तर कसं वागायचं हेही ठाऊक होतं. घासून, पुसून, त्यात काही तरी घालून परत करायचा. रिकामं भांडं परत देऊ नये, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालावी. पण जो जागेत घुसलाय त्यानेच डबा पाठवला तर? याला कुणी रीत घालून दिलेली नव्हती.

शेवटी डब्याचं पारडं जड झालं. तिने पेटीत गुलाबी बिया भरल्या आणि ती खोपट्याच्या दाराशी ठेवून लगबगीने परत आली. दोन दिवसांनी पेटी भरून परत. मग हिने शंख घातले. पुन्हा परत, आता चकचकीत तारांची भेंडोळी. असं सुरू झालं आणि बघता बघता तिची चालण्याची वेळ त्यातच जाऊ लागली. आज काय घालावं, मागच्या वेळी फारच साधं दिलं का, उद्या पेटी येईल का.

एकदा तर ते माणूस दिसलंच. हिरवा अंतराळ-पोशाख, टेकाडावर उभं. त्याने हात वर केला. हात वर करायचं बटण कुठलं ते जयमालाला माहीत नव्हतं. तिने जे हाताला लागलं ते दाबलं आणि जागच्या जागी चार उड्या मारल्या. पलीकडच्याने अंमळ थांबून चार उड्या मारल्या. ती एकटीच खोलीत खळखळून हसली. आणि हसू ओसरल्यावर तिला स्वतःचाच राग आला. यासाठी का ती इथे आली होती? आणखी एक दार, आणखी एक माणूस, आणखी एक देणंघेणं?

रविवारी स्नेहल आली. तिने पडदा पाहिला, दगड पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"आई, हे कुंपण?"

"तुझ्या आजीने सांगितलं."

"अगं, नवीन अपडेट आला तेव्हा लोकांबरोबर खेळायचं बटण आपोआप चालू झालं असेल. थांब, बंद करते. मग तू एकटी."

"थांब. बंद केलं की काय होईल?"

"तुला कुणी दिसणार नाही. ते खोपटंसुद्धा."

"आणि त्याला मी?"

"तूही नाही दिसणार."

जयमालाने तिच्या हातातला रिमोट काढून घेतला. "पेटी माझ्याकडे आहे, स्नेहल. तो म्हणेल, बाई डबा घेऊन पसार झाली."

"तो ब्राझीलचा असेल, नाहीतर कोरियाचा. त्याला तुमच्या डब्याची रीत कुठून माहीत असणार?"

"मग तो दर वेळी भरून का पाठवतो?"

दारातून जाणारे दादासाहेब, जयमालाचे यजमान, तेवढ्यात डोकावले. "काय ठरलं? मोजणी आणायची का सरकारी?"

"तुम्ही जा हो," जयमाला म्हणाली.

ते गेल्यावर स्नेहल सहज बोलून गेली, "एवढं असेल तर कस्तुराबाईंचा डबा आधी परत कर. तो तर सात वर्षं माळ्यावर आहे."

जयमालाने रिमोट पदराने पुसला.

कस्तुरा परभणीकडची. तिसऱ्या मजल्यावर राहायची, गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर कामाला होती. सारखी दार वाजवायची. कधी लिंबू, कधी सुई, कधी नुसतंच, "काय चाललंय काकू?" एका दुपारी ती धपाटे घेऊन आली, तेव्हा जयमालाने मान वर न करता म्हटलं होतं, "ठेवा तिथे, कामात आहे." धपाटे चांगले झाले होते. डबा दिवाळीच्या फराळाबरोबर द्यायचा असं तिने ठरवलं. दिवाळीच्या आधीच ती लाइन बंद झाली आणि कस्तुराने एका दिवसात खोली सोडली. झाकणावर टोचून घातलेलं 'कस्तुरा' हे नाव तेवढं राहिलं. रिकाम्या खोलीला कुलूप लावताना जयमालाला हायसं वाटलं होतं, आणि मग आठवडाभर जेवण गोड लागलं नव्हतं. दोन्ही खरं होतं, म्हणून तिने ते कुणाला सांगितलं नाही.

"असं करते," ती लेकीला म्हणाली. "ही पेटी एकदा नीट परत करते. मग तू दाब बटण."

"नक्की?"

"नक्की. मला तिथे एकटंच हवंय."

बुधवारी ती समुद्राच्या तळाशी उतरली. श्वास संपत आल्याचा लाल दिवा दोनदा लागला, तरी तिने मोत्यासारखा उजेड देणारा तो एक गोळा काढलाच, जो तिने महिन्यापूर्वी पाहून ठेवला होता आणि स्वतःसाठीही उचलला नव्हता. पेटीत तो एकटाच ठेवला. खोपट्याच्या दाराशी पेटी ठेवली, क्षणभर थांबली, आणि आता बटण माहीत झालेलं असल्यामुळे हात वर केला. समोर कुणी नव्हतं.

गुरुवारी दोनला तिने खेळ लावला. पेटी तिच्या दाराशी होती. तिने उघडली. रिकामी.

ती टेकाडावर चढली. पलीकडे खोपटं नव्हतं. दिवा नव्हता. नुसतं तांबूस गवत, आणि आपले एकवीस दगड, रोवले तसे.

पहिल्यांदा तिला अपमान वाटला. रिकामा परत पाठवला. मग वाटलं, रीत माहीत नसेल. पण रीत माहीत नसती तर आधी भरून का पाठवला असता? की ते माणूस निघालं होतं, यानात जागा नव्हती, म्हणून भांडं तेवढं जिथलं तिथे ठेवून गेलं? पण भांडं तर त्याचंच होतं. की हे दगड त्याला दिसले, आणि दगडांचा अर्थ कोरियातही तोच होतो?

तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं. बटण न दाबता, कुणाला न दुखवता. ती दीड तास चालली. गवत तेच, जनावरं तीच, शांतता तीच. दर थोड्या वेळाने ती मागे वळून टेकाडाकडे बघत होती, आणि आपण बघतोय हे लक्षात आलं की पुढे चालत होती.

संध्याकाळी स्नेहलचा फोन आला. "रविवारी आले की बंद करू ना ते बटण?"

"तो गेला."

"गेला? मग प्रश्नच मिटला. तरी बंद करून टाकू, उद्या दुसरा कुणी यायचा."

"राहू दे."

"म्हणजे तुला आता लोक हवेत?"

"नकोत. एकटंच बरं वाटतं."

"मग बंद करू."

"राहू दे म्हटलं ना."

पलीकडे स्नेहल हसली. "आई, मला काही कळत नाहीये."

"मला तरी कुठे कळतंय," जयमाला म्हणाली.

स्टूल घेऊन तिने माळ्यावरचा स्टीलचा डबा काढला, स्वच्छ घासला, पुसून ओट्यावर ठेवला. कस्तुरा कुठे असते हे इमारतीत आता कुणालाच माहीत नव्हतं, दादासाहेबांना विचारलं तर म्हणाले, "कोण कस्तुरा?" डबा रात्रभर ओट्यावरच राहिला. सकाळी तिने त्यात शेंगदाणे भरले, कारण रिकामा ठेवायला हात होईना.

शुक्रवारी दोनला तिने दुपार ग्रहावरच्या पेटीत मूठभर गुलाबी बिया घातल्या. खोपटं जिथे होतं तिथे नेऊन ठेवायची म्हणून उचलली, तर वाटेत दगड. एकवीसही दगड सरळ रेषेत, मधून जायला जागा नाही. एवढे दिवस ती त्यांवरून उडी मारून जायची. आज तिने मधला एक दगड उपटून बाजूला ठेवला. पायवाटेपुरती जागा झाली. पेटी घेऊन ती त्यातून पलीकडे गेली, गवतात ठेवली आणि परत आली.

दगड पुन्हा रोवावा की नाही, ते तिला ठरवता येईना. ती तिथेच उभी होती, तेवढ्यात खालून हाक आली, "काकू, मोटर लावता का?"

"आले," ती म्हणाली, आणि खेळ चालूच ठेवून खाली गेली.