सर्व्हिस लिफ्टमधले मोर

टॉवरमध्ये फ्लॉवरपॉटला सर्व्हिस लिफ्टने जावं लागतं, हे मला माझ्या सख्ख्या भावाकडे कळलं. तेही फ्लॉवरपॉट माझ्याच हातात असताना!

मंदारने घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला मी तो दिला होता. विकतचा नव्हे, स्वतः केलेला. गुडघ्याएवढा मातीचा घडा, त्यावर क्लेचे दोन मोर, पिसाऱ्यात आरशाचे तुकडे. (एकेक तुकडा चिमट्याने बसवलाय. चष्म्याचा नंबर त्यातच वाढला.) तो सगळा उन्हाळा आमच्या डोंबिवलीजवळच्या कोपरच्या घरात जेवायच्या टेबलावर मोर होते आणि आम्ही जमिनीवर! नंतर मात्र मी सगळ्यांना ऐटीत सांगायची, "मंदारच्या हॉलमध्ये शिरलं की पहिला माझा फ्लॉवरपॉट दिसतो." दिसायचाच. कधीही जा, सोफ्याशेजारी उभा!

मी न कळवता कुणाकडे जात नाही. वेळ, माणसं, जेवण की नुसता चहा, सगळं आधी सांगते. त्या रविवारीही "संध्याकाळी येते" म्हणून कळवलं होतं. पण ठाण्यातलं काम लवकर आटोपलं आणि मी तासभर आधीच गेटवर हजर. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी अळूची पानं.

वॉचमन नवीन होता.

"कुठे?"

"चौदावा मजला. मंदार..."

"कामाला ना? बरं झालं आलात! मावशी, एवढं वर न्या."

त्याने केबिनच्या कोपऱ्यातून एक काठी आणि दोन छत्र्या उपसल्या. कशातून? माझ्या मोरांमधून!

"मॅडमचा फोन आलाय, लगेच पाठव म्हणून. त्यांची डोंबिवलीची कोणी येते ना, तेव्हाच वर लागतो."

"आणि एरवी?"

"एरवी इथेच. असलं काय वर ठेवणार ते! सांभाळून हां. एका मोराची मान गेलीय, ती बाजू भिंतीकडे करायची असते."

मी तोंड उघडलं. पण घडा हातात आला होता, आणि हातातली वस्तू मी आधी जागेवर ठेवते, मग भांडते.

"मावशी, तिकडून नाही! सर्व्हिस लिफ्ट मागे!"

लिफ्टमध्ये मी ओढणीने घडा पुसला. पिसाऱ्यात माझ्याच तोंडाचे तुकडे दिसत होते.

बेल वाजवली. आतून भावजय ओरडली, "आणलास? ठेव पटकन, ताई पोचतीलच!" दार उघडलं.

"ताई! तुम्ही... लवकर?"

"हो ना स्मिता. आम्ही दोघंही."

टीव्हीवरची नजर न काढता मंदार म्हणाला, "आलीस? बघ, तुझा फ्लॉवरपॉट कसला शोभतोय!"

स्मिता पुटपुटली, "साफ करायला दिला होता..."

"झालाय. लिफ्टमध्ये."

मी घडा सोफ्याशेजारी ठेवला. मोडकी बाजू भिंतीकडे. चहा झाला, अळू फ्रीजमध्ये गेलं. भांडायचं होतं, पण मोरांविषयी कुणी अवाक्षर काढेना. निघताना मी घडा उचलला.

"अगं ताई, राहू दे ना!" मंदार म्हणाला. पुढे होऊन हातातून मात्र कुणी घेतला नाही.

"उगीच वॉचमनला फेरी कशाला? मी खालीच चाललेय."

खाली वॉचमनने विचारलं, "गेली का पाहुणी?"

"गेली," म्हटलं आणि घडा कोपऱ्यात ठेवून दिला. काठी मधोमध, छत्र्या दोन बाजूंना. फुलांची इतकी छान रचना मला जन्मात जमली नव्हती!