वहीत न लिहिलेली ताडी

शनिवार, ११ जानेवारी. साठ मिलिलीटर. हजर: दादा, वहिनी आणि मी. वहीतली ही पहिली नोंद माझ्या अक्षरात आहे.

दादा माझा थोरला भाऊ. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून सरावलीच्या घरी रोज संध्याकाळी एक क्वार्टर घ्यायचा, म्हणजे एकशेऐंशी मिलिलीटर. त्या आठवड्यात त्याचे रक्ताचे रिपोर्ट आले आणि डहाणूच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, "लिव्हर सुजलंय. अजून मागे फिरता येईल, पण असंच चाललं तर नाही येणार. एकदम तोडू नका, त्रास होईल. कमी करत करत शून्यावर या. मला विचारत राहा."

घरी येईपर्यंत आमच्याजवळ 'कमी करा' एवढंच उरलं होतं.

मी तलासरीच्या शाळेत गणित शिकवतो. मोजमाप माझ्याकडे आलं, आणि खरं सांगायचं तर मीच ते मागून घेतलं. बाटली माझ्या डहाणूच्या घरी कुलपात. संध्याकाळी सातला मी ती पिशवीतून सरावलीला न्यायची, मापाच्या ग्लासने ओतायची, वहीत लिहायचं आणि बाटली परत आणायची. रोज एकशेऐंशी घेणारा माणूस फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत साठवरच टिकला होता. मला वाटलं, जमलं.

"आले रेशन दुकानदार," दादा मला बघून म्हणायचा. "कार्डावर अंगठा लावू का?"

"सही चालेल."

"वहिनी तुझी बघ, पाच मिली वरचं मागितलं तर म्हणते, भाऊजींना विचारा. माझ्याच घरात!"

"मग काय," वहिनी आतून म्हणायची. "तुम्हाला विचारून बघितलं की तीस वर्षं."

पुढे शून्यावर कधी यायचं, हा विषय मी एकदा काढला. दादा म्हणाला, "अरे, साठ म्हणजे औषधच ते. माणसानं माफक घेतली तर हृदयाला चांगली असते, पेपरात येतं." मी मान हलवली. डॉक्टरांना फोन केला नाही. वहीतले आकडे इतके सरळ होते की त्यांच्यापुढे जायची मला गरज वाटली नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दादाचे पाय सुजले. मग पोट फुगलं. डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा त्याला घेऊन आम्ही परत डॉक्टरांकडे गेलो. मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली.

"रोज साठच?"

"एक दिवस चुकला नाही."

"हेही बंद व्हायला हवं होतं. पण एवढ्यात एवढं बिघडलंय, म्हणून विचारतो. याशिवाय काही?"

"काही नाही," मी म्हणालो.

"काही नाही हो डॉक्टर," वहिनीही म्हणाली. "सकाळची ताडी तेवढी. उन्हाळ्याची. थंडावा म्हणून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती?"

"लिटरभर. नरपडचा माणूस देतो, अगदी ताजी, काही मिसळत नाही. एक पेला तेव्हाच घेतात, बाकीची जेवणाबरोबर."

"जेवणापर्यंत ती बिअरइतकी चढलेली असते, ताई."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिने लपवलं नव्हतं. आमच्याकडे ताडीला कोणी दारू म्हणत नाही. झाडावरून उतरते, मुतखड्याला देतात, पाहुण्याला देतात. आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. रविवारी मी सकाळी जायचो तेव्हा दादा माझ्यासाठीही पेला भरायचा. मी प्यायचो, ओठ पुसायचो आणि संध्याकाळी वहीत साठ लिहायचो.

त्याच खुर्चीत बसून मी गुणाकार केला. बिअरच्या हिशेबाने लिटरभर ताडीत जेवढी दारू, ती माझ्या साठ मिलिलीटरमधल्या दारूच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे तीन भागांतला एक भाग मी मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याला गुजरातेत, वापीच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. गाडीत तो मागे आडवा होता, मी त्याच्या पायाशी. तलासरी मागे पडलं तसा तो डोळे न उघडता म्हणाला, "नाक्यापुढे दारूबंदी. तुझी वही बंद."

"झोप तू."

"मास्तर, पास केलंस का मला?"

मी त्याच्या पायावरची चादर सारखी केली. पायाला बोट लागलं तिथे खळगा पडला आणि बराच वेळ भरला नाही.

इस्पितळातल्या बाकावर वहिनी एकदाच बोलली. "भाऊजी, मीच ओतायची ना ती."

"मी पण प्यायचो."

"तुम्ही रविवारचे. मी रोज ओतायची."

नवव्या दिवशी पहाटे दादा गेला.

तेरावं झाल्यावर नरपडचा ताडीवाला सरावलीला आला. मोटरसायकल लांब उभी केली आणि फाटकाबाहेरच थांबला. वहिनी त्याला बघून आत गेली, मी बाहेर आलो.

"मास्तर, मागायला बरं नाही वाटत. पण झाड भाड्याचं आहे."

"किती दिवसांचे?"

"मेचे एकवीस. पण वीसच द्या. शेवटच्या दिवशी बाबांनी अर्धा पेलासुद्धा नाही घेतला. म्हणाले, आज कडू लागते रे. मी म्हटलं, ताजी आहे बाबा, घ्या, बरं वाटेल."

एकवीस दिवस, रोज एक लिटर, लिटरला सत्तर रुपये. ताडीवाल्याला चौदाशे सत्तर रुपये रोख दिले.