बाबांच्या छातीवरचे आकडे

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना मी एका प्लास्टिकच्या पुतळ्याचं हृदय एक मजला खाली उतरवलं.

प्रॅक्टिकल होतं ईसीजीचं. छातीवर सहा बटणं कुठे लावायची ते दाखवायचं होतं. त्यासाठी बरगड्या मोजाव्या लागतात, आणि मी गळ्याखालच्या आडव्या हाडापासून सरळ एक, दोन, तीन करत सुटले. पहिली बरगडी त्या हाडामागे दडलेली असते, बोटाला लागतच नाही, हे पुस्तकात होतं. माझ्या डोक्यात नव्हतं. मी पहिली म्हटली ती दुसरी होती, आणि तिथून पुढे सगळीच एकेक घर खाली सरकली.

आमच्या मॅडम चष्मा काढून बघत राहिल्या. "बाई गं, याचं हृदय बघायचंय की जेवण पचलं का ते बघायचंय?"

वर्ग हसला. सोमवारी फेरपरीक्षा ठरली. "पुतळा सोड," मॅडम म्हणाल्या, "घरात एखादं जिवंत माणूस असेल ना? त्याची हाडं मोज."

घरात जिवंत माणसं तीन होती. आईने भाकरीच्या पिठाचे हात दाखवून माघार घेतली. दादाने मोटरसायकलची किल्ली उचलली आणि धामणकर नाक्यावर काम आहे म्हणून गेला तो गेलाच. राहिले बाबा. दापोड्याच्या एका गोदामात ते सुपरवायझर, शनिवारी दुपारी घरी असत. तरुणपणी गावच्या कबड्डी संघात होते आणि आपल्या छातीबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं. हे मत पोट पुढे आल्यावरही बदललेलं नव्हतं.

"मोज, मोज," बनियन काढत ते म्हणाले. "सगल्या हायेत का बघ."

ते बाहेरच्या खोलीत चटईवर आडवे झाले. मी गळ्याखालच्या खळीत बोट ठेवलं आणि खाली सरकवायला लागले. दोन-तीन बोटं खाली गेलं की छातीच्या मधल्या हाडावर एक आडवा उंचवटा लागायला हवा. तो सापडला की निम्मं काम झालं, कारण त्याच्या बाजूलाच दुसरी बरगडी जोडलेली असते. पण उंचवटा सापडायच्या आधीच बाबा मासोळीसारखे उसळले.

"गुदगुल्या करतंस की शिकतंस?"

"बाबा, हलू नका."

"मी न्हाय हलत. छाती हलतंय."

चार वेळा उठले, चार वेळा मी झोपवलं. शेवटी बोटाला तो उंचवटा लागला. इतका स्पष्ट की मी आधी स्वतःचा चाचपून पाहिला, तोही तिथेच. एकोणीस वर्षं हे हाड माझ्या अंगावर होतं आणि आमची ओळख नव्हती.

तिथून मोजणी नीट झाली. खुणा करायला गेले तर बॉलपेन घामावर उमटेना. बाबांनीच खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून मार्कर काढून दिला, गोदामात खोक्यांवर नंबर टाकायचा, जाड आणि काळा. मी उजवीकडे-डावीकडे दोन, तीन, चार, पाच असे आकडे घातले, सहा गोल काढले, डावीकडे गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या मध्यापासून खाली एक उभी रेघ ओढली.

शेवटी हृदयाचा ठोका. डाव्या बाजूला, पाचव्या बरगडीच्या खालच्या फटीत, त्या रेघेच्या जरा आत तो बोटाला टपटपतो. मला काही लागेना. बाबांना डाव्या कुशीवर वळवलं, तळहात ठेवला, आणि तो आला. आतून कुणी बोटाने दार वाजवावं तसा. मग पाठीवर झोपवून त्याची जागा पक्की केली. इतकी वर्षं या माणसाच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिल्या होत्या, पण त्याच्या छातीवर असा हात ठेवून शांत कधी बसले नव्हते. बाबाही आता हलत नव्हते.

"हाय ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"हाय."

"मंग ठीक हाय," म्हणाले आणि बनियन शोधायला लागले.

तो मार्कर पाण्याने जात नाही हे संध्याकाळी कळलं. साबणाने गेला नाही, खोबरेल तेलाने गेला नाही. आईने पाय घासायची वजरी आणली तेव्हा बाबा मोरीतून पळाले. एरवी हे आकडे शर्टाखाली आठवडाभर कुणाला दिसले नसते. पण दुसऱ्या दिवशी अंजूरला माझ्या चुलतभावाच्या लग्नाची घरची पूजा होती. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना पाटावर बसता येत नव्हतं. म्हणून पूजेला आई-बाबा बसणार होते. म्हणजे बाबा सोवळ्यात, वर उघडे, अंगावर फक्त उपरणं.

"उपरणा घट्ट धरीन," बाबा म्हणाले.

त्यांनी धरलंही. पण पूजेला दोन हात लागतात. भटजींनी "उजव्या हाताने पाणी सोडा" म्हटल्यावर ते वाकले, उपरणं घसरलं, आणि मांडवातल्या सगळ्यांना बाबांची छाती नकाशासारखी उघडी दिसली. भटजी मंत्राच्या मध्येच थांबले. मग एकदम घाईने पुढे म्हणू लागले, जणू वेळ थोडा उरला होता.

पूजा संपेपर्यंत बातमी ओसरीवरून स्वयंपाकघरात आणि तिथून शेजारच्या घरात पोचली होती. बाबांची बायपास आहे. डॉक्टरांनी खुणासुद्धा केल्यात.

माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, पदर डोळ्यांना लावूनच आली. "काय झाला रं तुला? बहिनीला सांगलास पन न्हाय?"

"अगो, काय न्हाय झाला. पोरीनं काढलाय."

"पोरीनं? पोरगी करनार हाय ऑपरेशन?"

तिथेच बाबा हरले. त्यांना पंख्यासमोर खुर्ची मिळाली. त्यांनी मांडवाचं टेबल उचलायला हात लावला तर तिघे धावले. मी बघत होते, पहिला अर्धा तास त्यांना हे सगळं आवडलं. पाय लांब करून ते आलेल्या-गेलेल्याला मान डोलावत होते. एका म्हाताऱ्याने "कवा हाय?" विचारलं तेव्हा "बघू, बघू" म्हणाले, असं मी स्वतः ऐकलं.

पण दुपारी पंगत बसली. सगळ्यांच्या पानात गरम वडे पडले. बाबांच्या पानात आत्याने वरणभात वाढला. "तुला तेलकट नको."

"वडे दे."

"न्हाय."

बाबा उभे राहिले आणि कबड्डीच्या मैदानावरच्या आवाजात त्यांनी मला हाक मारली. "ये हिकडं! सांग यांना काय काढलंस तां!"

मग अंजूरच्या त्या मांडवात, भरल्या पंगतीत, माझं पहिलं व्याख्यान झालं. बाबांनी शर्टाची बटणं सोडली आणि मी बोट ठेवून सांगत गेले: ही खळी, हा उंचवटा, ही दुसरी बरगडी.

"पयली कुठं गेली?" मागून कुणीतरी विचारलं.

"ती वरच्या हाडामागे लपलेली असते. मोजायची नाही."

मी वळून पाहिलं तर नव्या कपड्यांतले पुरुष पान सोडून आपापल्या गळ्याखाली बोटं घालत होते. "माझा उंचवटा न्हाय लागत," असं काका खुर्चीतून काळजीने म्हणाले. भटजींनी आपला केव्हाच शोधून काढला होता. बाबांना वडे मिळाले. पाच खाल्ले.

हात धुऊन मी आत गेले तेव्हा आत्याने मला कोपऱ्यातल्या खोलीत ओढलं आणि आईला दाराशी उभं केलं. "माझा पन बघ."

मला आधी हसू आलं. मग ती पलंगावर आडवी होताना दोनदा थांबली, श्वास घेतला, आणि माझं हसू गेलं. जिना चढताना धाप लागते, म्हणाली, वर्ष झालं. कुणाला सांगितलं नव्हतं. "लगीनघरात कुनाला सांगनार?"

उंचवटा शोधला, मोजलं, तळहात ठेवला. ठोका होता, चांगला जोरदार होता, पण माझ्या बोटाला जिथे लागायला हवा तिथे नव्हता. एक फट खाली होता आणि काखेच्या दिशेने सरकलेला. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं.

"आत्या, हा जागेवर नाही."

"तुझीच मोजनी चुकली असंल. नापास झालीस ना तू?"

"झाले. म्हणूनच तीनदा मोजलं. याचा अर्थ काय ते मला कळत नाही, पण उद्या डॉक्टरला दाखव."

ती उठून पदर नीट करायला लागली. लग्न पार पडेपर्यंत नाही, एवढंच म्हणाली. आईने ते बाबांना सांगितलं, आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी बहिणीला रिक्षात बसवून डॉक्टरकडे नेलं. तिचं ब्लडप्रेशर बऱ्याच वर्षांचं निघालं, कुणी कधी मोजलंच नव्हतं. हृदयाची भिंत जाड झाली होती, ते वाढलं होतं, म्हणून ठोका बाजूला गेला होता. वेळेत आलात, म्हणाले डॉक्टर. गोळ्या सुरू झाल्या. हृदयाचं ऑपरेशन कुणाचंच झालं नाही.

सोमवारी मी पास झाले होते. आत्याबद्दल कळल्यावर मॅडमना सांगितलं, तर त्यांनी चष्मा पुसला आणि "ठोका रेघेपासून किती लांब होता?" हे आधी विचारलं. शाबासकी नंतर दिली, तीही छोटी.

आता मी भिवंडीतच एका दवाखान्यात नोकरी करते. आत्या महिन्याला ब्लडप्रेशर तपासायला माझ्याकडे येते. जिना एका दमात चढते आणि वर आल्याआल्या भांडते. खारे बोंबील बंद झालेत तिचे, डॉक्टरांनी मीठ तोडलंय, आणि याचा दोष ती डॉक्टरांना देत नाही.

"चांगली जेवत होते मी," पट्टा बांधायला हात पुढे करत ती बाकड्यावरच्या बायकांना सांगते. "हिनं हात लावला आनि माझा बोंबील गेला."

बायका माझ्याकडे रागाने बघतात. मी पट्ट्यात हवा भरते.