मनगटातली फट

तलासरीत एक्स-रे काढणाऱ्या त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. विचारायला तोंडच उरलं नव्हतं. माझी दहा वर्षांची मुलगी सायकलवरून पडली होती. फिल्म मिळताच मी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि ओरडलो, "मनगट मोडलंय! ही बघा फट!" वर हेही ऐकवलं, की मी शाळेत विज्ञान शिकवतो.

बाई चिकू खात होत्या. तो त्यांनी शांतपणे संपवला, बोटं पुसली, मग फिल्म घेतली.

"डॉक्टर बघतीलच, गुरुजी. पण फट दोन्ही हाडांना आहे ना? तिथं अजून हाड झालेलं नाही. कोवळ्या ताडगोळ्यासारखं मऊ असतं. ते वाढतं, मग कडक होतं. पोरीचा हात तिथूनच लांब होतोय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमची फट केव्हाच बुजली."

मुलगी खुदकन हसली. डॉक्टरांनीही मुका मारच सांगितला.

रिक्षात तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

वर्गात असं कुणी विचारलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

"नव्हतं," मी म्हणालो, आणि उगाच माझं मनगट चाचपून पाहिलं.