केळीच्या खांबांची तार

“ती सुम्ने उभी आहे बॉनेट उघडून. पाच मिनिटांत हात काळे करून आत येईल, बघा.”

हे मोठे काका बोलले. हॉलमध्ये, गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला आलेल्या माणसाशी. सुम्ने म्हणजे उगीच. आमच्या घरच्या मराठीत असले कन्नड शब्द इतके आहेत की ते काढले तर वाक्यं उभीच राहायची नाहीत. हॉलची खिडकी उघडी होती आणि खिडकीखाली पोर्चमध्ये मी होते. मला ऐकू जातंय हे काकांना माहीत असणार. पण घरात जो कमी बोलतो त्याला ऐकूही कमी येतं, असा एक समज असतो.

मी वीज मोजायच्या मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर धरली.

गाडी अप्पांची, माझ्या वडिलांची, नऊ वर्षांपूर्वी जुनीच घेतलेली. तिला पंधरा वर्षं पुरी होत आली होती. पुन्हा नोंदणी करायची तर गाडी तपासणीला न्यावी लागते आणि तिथे दिवे बघतात. महिन्यापूर्वी टी. नरसीपूरला आत्याकडे जाऊन आम्ही परत येत होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी अप्पा, मागे काका. अंधारून आलं होतं. उजवीकडे वळायला मी इंडिकेटर दिला आणि उजवा हेडलाइट त्याच्या तालावर मिणमिणायला लागला. इंडिकेटर पेटला की दिवा मंद, विझला की थोडा बरा.

“अय्यो, बिडु,” काका मागून म्हणाले, “सोडून द्या, संपली ही गाडी.”

गॅरेजच्या मेस्त्रीने बल्ब बदलला. दिवा तसाच पिवळट. त्याने दुसरा बल्ब घातला. मग तो म्हणाला, आतली वायरिंगच सगळी कुजली आहे, कुठेतरी शॉर्ट आहे, एक दिवस पेट घेईल. काकांनी ते वाक्य घरी आणलं आणि प्रत्येकाला थोडं वाढवून सांगितलं. आठवड्याच्या शेवटी आत्याचा फोन आला तेव्हा तिने घाबरून विचारलं, “गाडीला आग लागली म्हणे?”

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांमुळे अप्पांनी गाडी चालवणं सोडलं, तेव्हापासून किल्ली माझ्या पर्समध्ये असते. काकांच्या घरी नवी गाडी आहे, ती त्यांचा मुलगा चालवतो, आणि आम्हाला कुठे जायचं असलं की सोडायला येतो, त्याच्या सवडीने. ही गाडी गेली की मी पुन्हा त्या मागच्या सीटवर, मांडीवर डबे घेऊन, दुसऱ्याने एसी बंद केला तर घाम पुसत. मी सव्वीस वर्षांची आहे. दोन वर्षं चहाला कुठे थांबायचं ते मी ठरवते आहे. ते मी परत देणार नव्हते.

हे कुणाला सांगितलं मात्र नाही. अप्पांना एवढंच म्हटलं, “रविवारी सकाळी मी बघते.”

“बघ,” अप्पा म्हणाले.

काकांनी त्या माणसाला त्याच रविवारी दहा वाजता बोलावलं.

सर्किट बोर्ड तपासणं ही माझी नोकरी. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांतले दोष शोधते आणि इंग्रजीत रिपोर्ट लिहिते. घरी मात्र फ्यूज गेला तरी हाक काकांना. इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे माझ्याकडचं ज्ञान पुस्तकी, हे घरात ठरून गेलं होतं. पिवळा मीटर कॉलेजपासून माझ्या कपाटात, ओढण्यांच्या खाली होता.

शॉर्ट मला पहिल्यापासून पटला नव्हता. शॉर्ट असता तर फ्यूज उडाला असता. मी फ्यूज काढून उजेडात धरला. शाबूत होता. मग डाव्या दिव्याचा बल्ब उजवीकडे घातला, उजवीकडचा डावीकडे. डावा लख्ख, उजवा पिवळट. म्हणजे बल्ब निर्दोष होते, मेस्त्रीने बदलले ते दोन्ही वेळा. मग बल्बला वीज पोचते का ते पाहिलं. दिवा चालू ठेवून, आईच्या शिवणाच्या डब्यातली टाचणी कनेक्टरच्या मागून आत सरकवली आणि मोजलं. वीज पुरी येत होती. वायरी काही कुजल्या नव्हत्या.

राहिली होती फक्त परतीची वाट. दिव्यातून गेलेल्या विजेला बॅटरीकडे परत जावं लागतं. गाडीत ही वाट म्हणजे गाडीचा पत्रा. दिव्याची आणि इंडिकेटरची काळी वायर एकाच बोल्टने पत्र्याला आवळलेली असते, त्याला अर्थिंग म्हणतात. ही जागा चांगली असेल तर काळ्या वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. डाव्या बाजूला त्याने तसंच दाखवलं. उजव्या बाजूला चार व्होल्ट, म्हणजे वीज तिथे अडत होती.

मी पुन्हा मोजलं. चारच.

आतून कपबश्यांचा आवाज आला. “मुलगी हुशार आहे हो,” काका सांगत होते, “पण हे काम वेगळं. इथं हाताला समजावं लागतं, अल्वा, खरं ना?” “हौदु, हौदु,” त्या माणसाने होकार दिला आणि बिस्कीट मोडलं.

मी एक जाड वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं त्या टाचणीला, जी आता काळ्या वायरीच्या बाजूला सरकवली होती. पोर्चच्या भिंतीवरचा दिव्याचा पिवळा डाग एकदम पांढरा झाला. वायर काढली, पिवळा. लावली, पांढरा. हे मी गरजेपेक्षा जास्त वेळा केलं.

मग तो बोल्ट शोधला. हेडलाइटच्या मागे, हात वाकडा करून घालावा लागतो अशा जागी. पाना लावून सोडवला, आणि वायरीच्या टोकाबरोबर बांधकामाच्या काळ्या तारेची वेटोळी हातात आली. गंजलेली, एकात एक अडकलेली. त्यांच्यात हळदीच्या पाण्याचा आणि कुंकवाचा वाळलेला थर. मी ती एकेक करून मोजली. नऊ.

त्या तारा कुणाच्या, हे मला लगेच कळलं. आमचे पूर्वज म्हैसूरच्या सैन्यात होते. आता कुणी बँकेत आहे, कुणी विम्यात, पण एक धार गेलेली तलवार उरली आहे आणि दसऱ्यातल्या आयुधपूजेला ती बाहेर निघते. आधी तलवारीची पूजा, मग गाडीची. चाकांखाली लिंबं, बॉनेटला झेंडूचा हार आणि पुढे दोन बाजूंना केळीचे दोन छोटे खांब. डावा खांब बांधायला नंबरप्लेटजवळची पट्टी मिळते. उजव्याला काही मिळत नाही. म्हणून काका दरवर्षी बॉनेट उघडतात, तो बोल्ट सैल करतात, तार त्याच्याखाली घालून फटीतून बाहेर ओढतात आणि बोल्ट पुन्हा आवळतात. दुसऱ्या दिवशी तार पकडीने बाहेरच्या बाहेर कापतात. आतलं वेटोळं आतच राहतं. पुढच्या वर्षी त्यावर दुसरं.

मी हे दरवर्षी बघत आले आहे. हळदीकुंकवाचं ताट धरून. एकदा, बारावीत असताना, मी खांब धरायला पुढे झाले होते. काका म्हणाले होते, “तू ताट धर. आयुधाला बायकांनी हात लावायचा नसतो.” मी ताट धरलं.

वेटोळी मी खाली फरशीवर ठेवली. ती कुंपणापलीकडे फेकता आली असती. बोल्ट घासून, आवळून, “झालं नीट” एवढं म्हणून आत जाता आलं असतं. मी आजवर असंच करत आले होते. काकांचा मान राहिला असता, गाडी कदाचित वाचली असती, आणि तीन आठवड्यांनी दसऱ्याला त्याच बोल्टखाली दहावी तार गेली असती.

पॉलिश पेपरने मी पत्रा पांढरा होईपर्यंत घासला. वायरीचं टोक घासलं. बोल्ट आवळला. दिवे लावले, उजवा इंडिकेटर दिला. इंडिकेटर आपला लुकलुकत राहिला आणि दिवा जागचा हलला नाही. मी बॉनेट बंद केलं आणि वेटोळी पुन्हा मुठीत घेतली.

तेवढ्यात सगळे बाहेर आले. काका पुढे, मागे तो माणूस, दारात अप्पा, त्यांच्यामागे पदराला हात पुसत आई.

“काय ग इंजिनीअर, आय्तु? झालं?”

मी भिंतीकडे बोट केलं. तिथे सारखेच दोन पांढरे डाग होते.

काकांनी ते बघितले. मग टायरला पायाने हलकेच ठोकलं. “आत्ता लागतोय. उद्या जाईल. मेस्त्री काय वेडा आहे?” आणि त्या माणसाकडे वळून, “पोरीचा जीव आहे गाडीवर, दुसरं काय. तुम्ही चालवून बघा. किल्ली दे ग त्यांना.”

त्या माणसाने हात पुढे केला. किल्ली माझ्या कुडत्याच्या खिशात होती.

“काय होतं?” अप्पांनी दारातून विचारलं. काकांना नाही, मला.

माझे कान गरम झाले. काकांसमोर बोलताना होतात तसे. मी मूठ उघडली आणि ती नऊ वेटोळी बॉनेटवर ठेवली. कुंकवाचा लाल चुरा रंगावर सांडला. काका खाली वाकले, एक तार उचलली आणि तिचं कापलेलं टोक अंगठ्याने चाचपलं. त्यांनी ती ओळखली, हे मला त्यांच्या अंगठ्यावरून दिसलं.

“काका, ह्या तुमच्या केळीच्या तारा,” मी म्हटलं. आवाज चढला होता, मी तो उतरवला नाही. “शॉर्ट नाही, आग नाही, काही नाही. किल्ली मी देणार नाही. गाडी कुठं जात नाही. आणि ह्या दसऱ्याला ताट तुम्ही धरा, केळी मी बांधणार.”