हडळीचं विरजण

गोष्टीत माणूस मारणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे. मी पंधरा वर्षं तेच केलं. आठवडाभर संगमनेरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावायची आणि रविवारी दिवाळी अंकांसाठी भयकथा लिहायच्या. कथा अडली की एक मुडदा पाडायचा, पुढची चार पानं आपोआप सुटतात. एका कथेत तर मी अख्खं वऱ्हाड विहिरीत घातलं, कारण त्यातला कोण कुणाचा मामा ते माझ्याच लक्षात राहत नव्हतं.

मग पुण्याच्या एका संपादकबाईंचा फोन आला. "हल्ली कोझी फँटसी चालते," त्या म्हणाल्या. "भूत हवं, पण भीती नको. जादू हवी, पण लढाई नको. कुणी मरायचं नाही. वाचकाला गोधडीत शिरल्यासारखं वाटलं पाहिजे." मी उत्साहाने हो म्हणाले. भूतं माझ्याकडे पडूनच होती.

मी प्रवरेकाठच्या एका चिंचेवर हडळ बसवली. पाय उलटे, केस मोकळे, स्वभाव गरीब. आणि तिथेच गाडी रुतली. कुणाला झपाटायचं नाही, कुणाचा जीव घ्यायचा नाही, तर ही बाई करणार काय? दहा पानं तिने नुसते केस विंचरले. अकराव्या पानावर मलाच डुलकी लागली.

त्याच सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी आप्पांचं ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढे ढकललं. आप्पा म्हणजे माझे वडील. आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर त्यांनी आयुष्यभर दुधाचं फॅट तपासलं आणि त्या तपासणीच्या ॲसिडचा थेंब उडून उजवा डोळा गमावला. उरलेल्या डाव्यात मोतीबिंदू इतका पिकला होता की मी समोर उभी राहिले तर कुणीतरी उजेड अडवलाय एवढंच त्यांना कळायचं. ऑपरेशन साधं होतं. पण दवाखान्यात हाताला पट्टा बांधला की आप्पांचं ब्लडप्रेशर एकशेऐंशीच्या वर जायचं.

"आजोबा, भीती वाटते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला? आवं, ॲसिडशी खेळल्याला मानूस हाय मी."

भीती वाटत होती. एकच डोळा राहिलेला, त्यात काही कमीजास्त झालं तर कायमचा अंधार. मलाही वाटत होती. आम्ही दोघं एकमेकांशी धडधडीत खोटं बोलायचो आणि ते यंत्र दोघांनाही तोंडघशी पाडायचं.

"यांना शांत ठेवा," डॉक्टर म्हणाले. म्हणून टीव्हीवरच्या चर्चा बंद केल्या, कारण आप्पा त्यात भाग घ्यायचे. मग करमणूक म्हणून संध्याकाळी मी त्यांना माझी हडळ वाचून दाखवायला लागले. औषध लागू पडलं. दुसऱ्या पानाला आप्पा घोरायचे. लेखिकेचा याहून मोठा अपमान नाही, पण घरच्या यंत्रावरचा आकडा रोज थोडा उतरत होता, म्हणून मी तो निमूट गिळला.

तरी लेखिकेची खोड जात नाही. हडळीला काहीतरी हवं असायला पाहिजे, पण छोटं, असा विचार करून मी तिला दही लावायची हौस लावली. दिवेलागण झाल्यावर ती चिंचेवरून उतरली, शेजारणीच्या दारात गेली आणि विरजण मागितलं. शेजारणीने हसून दिलं.

"थांब," आप्पा म्हणाले. "कवा दिलं?"

"दिवेलागणीनंतर."

आप्पा ताडकन उठून बसले. "दिवे लागल्यावर इरजन कोन देतं गं? घरातलं दूधदुभतं भायेर घालवायचंय का तिला?"

"आप्पा, गोष्ट आहे. हडळ आहे ती. उलटे पाय चालतात तुम्हाला, आणि..."

"हडळ झाली म्हनून रीत सोडायची व्हय? आन् ती शेजारीन काय बिनडोक हाय?"

मी पट्टा बांधला. एकशेब्याण्णव. ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे गेलं, तेही चमचाभर दह्यापायी. मला स्वतःच्याच मुस्कटात दोन माराव्याशा वाटल्या.

म्हटलं, हडळीला दिवसा उतरवू. आप्पा म्हणाले, "दिवसा उतरली तर ती हडळ कसली?" म्हणजे दिवसा तिला उतरता येईना आणि अंधारात कुणी विरजण देईना. संपादकबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मग विरजण पळवणारा एखादा राक्षस घाला. काहीतरी पणाला लागलं पाहिजे ना!" मी म्हटलं, तुम्हीच कोझी म्हणाला होतात. "हो, पण इतकं नाही," त्या म्हणाल्या.

मी विरजणाऐवजी मिरचीच्या देठांवर दही लावून पाहिलं, अर्थात कागदावर. आप्पांनी नाक मुरडलं. मग हडळीच्या हातात दुकानातलं पाकीट दिलं.

"ते तर आपन चार वर्सं खातोयच की," आप्पा म्हणाले. "त्याला दही म्हंत्यात व्हय?"

चार वर्षांपूर्वी आई गेली. सुतकात कुणाचं लक्ष नव्हतं, घरचं विरजण संपलं आणि पुन्हा लावावं असं आम्हा दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही. तेव्हापासून आप्पांनी आईचा विषय काढला नव्हता. मीही काढला नव्हता. ती आठवली की आम्ही पाकीट फोडायचो आणि हवापाण्याचं बोलायचो.

पण आता आप्पा झोपेनात. पडल्या पडल्या विचारायचे, "काय केलंस तिचं? दही मिळालं पायजे गं तिला. लई दिस झाले." यंत्र लावायची मला हिंमत होईना.

चौथ्या वेळी दवाखान्यात गेलो. सिस्टरने पट्टा बांधायला घेतला आणि आप्पा एकदम म्हणाले, "ठिवून द्यायचं!"

"काय ठेवून द्यायचं?"

"इरजन. तुझी आय तसंच करायची. शेजारची कंडक्टरबाई ड्युटीवरून यायची अंधार पडल्यावर. मंग तुझी आय दिवा लावायच्या आदीच इरजन काढून दोन घरांमधल्या भितीवर झाकून ठिवायची. बाई आली की न्यायची. मी म्हनलं, अगं, हे बी दिल्यासारखंच झालं. तर म्हनती, मी कुटं दिलं? मी ठिवलं. तिनं घेतलं." आणि आप्पा खो खो हसले. चार वर्षांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

सिस्टरने आकडा पाहिला, पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा पाहिला. एकशेछत्तीस. "चला आजोबा," ती म्हणाली.

ते आत होते तेवढ्या वेळात मी बाहेरच्या बाकावर शेवटचं पान लिहिलं. तिन्हीसांजेला, दिवा लावायच्या आधी, एक बाई भिंतीवर पितळी वाटी झाकून ठेवते आणि वळून न पाहता घरात जाते.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आप्पा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "केस पिकले की गं तुझे," म्हणाले. मी म्हटलं, तुमच्यामुळेच.

पुढे डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिल्यावर मी ते पान मोठ्या अक्षरात छापून आणलं. आप्पांनी ते ओळीवर बोट ठेवून वाचलं. मला वाटलं, आता डोळे पुसतील.

"पितळी वाटीत दही कळकतं," ते म्हणाले. "तेवढं बी कळंना? कप हुता. कान तुटल्याला."

परवा मला यायला उशीर झाला. दिवे लागले होते. दोन घरांमधल्या भिंतीवर कान तुटलेला कप होता, वर बशी झाकलेली. आई गेल्यापासून तो मी पाहिला नव्हता. घरात शोधायचंही सुचलं नव्हतं.

आप्पा ओट्यावर काळा चष्मा लावून बसले होते.

"कुणी दिलं?"

"दिलं न्हाई. ठिवलंय. कंडक्टरबाईला आज सुट्टी हुती, दुपारी मी सोता गेल्तो तिच्याकडं इरजन मागाय. कप तिच्याकडंच हुता. इरजन तुझ्या आयचंच हाय. शेवटचं न्हेलं ते त्या बाईनं संपू दिलं न्हाई. रोज लावती."

मी कप हातात घेऊन तिथेच भिंतीशी उभ्या उभ्या रडायला लागले.

"रड मागनं," आप्पा म्हणाले. "आदी दूध कोमट कर."