माशाच्या मापातली माया

निम्मी भांडी तशीच टाकून शिंपीमामी काचेच्या टाकीपाशी आल्या. वीतभर वाढलेल्या माशाला आता वळताही येईना. काचेला घासून घासून त्याची शेपटी फाटली होती. शिंपीमामांनी बाहेरूनच टेप लावला. “मासा नऊ इंच. दीड फुटाची नवी टाकी बास.”

“पोरांच्या सदऱ्याला शिवणीत चार बोटं माया सोडता, आणि या मुक्या जिवाला अंगाबरोबर बेतताय?” मामी म्हणाल्या. “दुकानदार म्हणाला होता, हा फूटभर होणार.”

चाळीस वर्षं मापं घेणारे मामा ओशाळून हसले. “मग माया किती सोडू?”

“सहा फूट लांब, दोन फूट रुंद. देवानं त्याला नदी दिली होती, आपण निदान ही अख्खी भिंत तरी देऊ.”

मामांनी भिंतीलगतचं शिलाई मशीन खिडकीखाली सरकवलं, टेप गळ्यात अडकवला आणि ते काचवाल्याकडे माप सांगायला निघाले.